गोड सोडलं तो हिवाळा

येळवस जवळ आली की जळकोटहून फोन यायला लागतात. "आत्या, यंदा तरी येताव का शेतात?" माझ्या मामाची नातवंडं अगत्यानं विचारतात. मी येते म्हणते आणि जात नाही. सबबी भरपूर आहेत. थंडी बाधते, गुडघे दुखतात, एसटीला गर्दी असते. खरी गोष्ट एवढीच की मार्गशीर्ष सरताना मी दरवर्षी धाराशिवला जाऊन डोळे तपासून घेते, आणि ते दिवस मला कुणाच्या हसण्याखिदळण्यात काढवत नाहीत. मला साखर आहे. आता ती कुणाला नाही? चार म्हाताऱ्या एकत्र बसल्या की पूर्वी सुनांचा विषय निघायचा, आता साखरेचा निघतो. सुनांना तेवढाच विसावा.

दवाखान्यातली पोरगी डोळ्यांत थेंब टाकते आणि म्हणते, "आजी, डोळे मिटून बसा. बाहुल्या मोठ्या होऊ द्या." मग मी बाकावर बसते. डोळे उघडले की समोरच्या भिंतीवरचा फळा वितळलेला असतो, माणसांना कडा उरलेल्या नसतात, दारातून येणारं ऊन सोसवत नाही. मायला असंच दिसत असेल का, असा विचार दरवर्षी मनात येतो, आणि दरवर्षी मला माझाच राग येतो. माझं धुकं संध्याकाळपर्यंत निवळणार असतं. घरी जाऊन मी चहा करून पिणार असते, वर्तमानपत्रातलं कोडं सोडवणार असते. मायच्या धुक्याची आणि माझी तुलना करायची मला काय पडलीय?

माय म्हणजे माझी आई. आम्ही तुळजापूरचे, पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहिलेले. वडील, म्हणजे अण्णा, तहसील कचेरीत कारकून होते. निजामाचं राज्य जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती तरी गावात त्यांना सगळे मुन्शीजीच म्हणत. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूतलं. राज्य बदललं, कचेरीची भाषा बदलली, आणि उजवीकडून डावीकडे लिहिणारा हा माणूस चाळिशीच्या आसपास डावीकडून उजवीकडे लिहायला शिकला. तक्रार न करता शिकला. फक्त बोलण्यातली तसल्ली, फुरसत, परहेज, इलाज ही मंडळी काही त्यांच्या जिभेवरून हलली नाहीत. इंग्रजी मात्र त्यांना अजिबात येत नव्हतं. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं त्याचा संबंध आहे.

मायचं पहिलं काय बिघडलं ते आम्हांला कळलंच नाही. ती भिंतीच्या कोपऱ्यातली जळमटं काढायला लागली. आमच्या घरात जळमटं राहायची बिशाद नव्हती, माय तशी बाईच नव्हती. पण ती केरसुणी उंच धरून रिकाम्या कोपऱ्यात फिरवायची, थांबून बघायची, पुन्हा फिरवायची. "मेली चिकटूनच बसलीत," म्हणायची. अण्णा हसायचे. "अगं, त्या कोळ्याला तरी फुरसत दे जरा." आम्ही पोरं खिदळायचो. ती जळमटं भिंतीवर नव्हती, तिच्या डोळ्यांत होती. काळे धागे, काळे ठिपके, ती बघेल तिकडं तिच्यापुढं चालायचे. हे आज मला माहीत आहे. तेव्हा आमच्या घरात तो एक विनोद होता, आणि मायसुद्धा त्यात हसायची.

तहान तिला फार लागायची. रांजणातलं पाणी तिनं संपवावं आणि आम्ही भरावं. ती वाळत चालली होती, पण बाई चाळिशीला आली, पोरं झाली, की वाळतेच, असा सगळ्यांचा हिशेब. पुढं तिला सुईत दोरा ओवता येईना. मग तांदळातले खडे ताटात यायला लागले. शेवटी दारात उभं राहिलेलं माणूस तिला आवाजावरून ओळखावं लागायला लागलं तेव्हा शेजारच्या काकूंनी निकाल दिला, "मोतीबिंदू उतरतोय. पिकू द्या, मग काढतात." ते काकूंचं अडाणीपण होतं असं नाही. तेव्हा डॉक्टरही तसंच सांगत, मोतीबिंदू पुरता पिकल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. म्हणून आम्ही वाट बघत बसलो. नजर जितकी कमी होईल तितकं आम्हांला बरं वाटायचं, म्हणजे आता लवकरच काढता येईल. असला उलटा आनंद मी पुन्हा आयुष्यात कधी अनुभवला नाही.

त्याच सुमाराला मला चष्मा लागला होता. शाळेत कुणीतरी डोळे तपासायला आलं आणि फळ्यावरचं मला दिसत नाही ही गोष्ट उघड झाली. तोवर मी शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायचे आणि सगळ्याच मुली तसंच करत असतील असं समजायचे. चष्मा आला आणि वर्गातल्या पोरांनी माझं नाव 'ढापणी' ठेवलं. मी तो दप्तरात दडवायचे, मास्तरांनी हाक मारली की नाकावर चढवायचे. घरी मात्र त्याची मोठी अपूर्वाई. जो येईल तो घालून बघायचा. मायनंही एकदा घातला. तुळजापूरच्या बाजारात तेव्हा चष्मेवाला सतरंजीवर चष्मे मांडून बसायचा आणि माणसं एकेक डोळ्याला लावून, ज्यानं जरा बरं दिसेल तो घेऊन जायची, तशी ती वेळ होती. तिनं चष्मा घातला, माझ्याकडे तोंड केलं आणि हात पुढं करून माझा गाल चाचपला. "ह्यानं तर तू आणिकच लांब गेलीस गं," ती म्हणाली. मी रुसले, माझ्या चष्म्याला ती नावं ठेवते म्हणून.

आणि मग अण्णांची खडीसाखर सुरू झाली.

कचेरीतल्या एका बुजुर्ग सहकाऱ्यानं त्यांना सांगितलं होतं. बडीशेप, बदाम, खडीसाखर समभाग घ्यायची, कुटून वस्त्रगाळ करायची, रोज अनशापोटी कोमट दुधातून द्यायची. नजर टिकते, असलेली वाढते. आजही कितीतरी घरांत हे देतात, आणि ज्याला साखर नाही त्याचं त्यानं काही बिघडत नाही. आमच्या घरात ज्या माणसानं उभ्या जन्मात पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नव्हता, तो माणूस सकाळी सगळ्यांच्या आधी उठून खलबत्ता घेऊन बसायला लागला. माय म्हणायची, "अहो, लोक काय म्हणतील? मी करते की." तर म्हणायचे, "तुला दिसत नाही, खडा राहील." कुटलेलं चूर्ण ते धोतराच्या जुन्या मऊ तुकड्यातून गाळायचे. दूध स्वतः कोमट करायचे, बोट बुडवून बघायचे. माय पिऊन होईपर्यंत समोर उभे राहायचे. फुलपात्राच्या तळाशी साखर राहायचीच. त्यावर पुन्हा घोटभर दूध घालून, पात्र हातानं फिरवून ते तिच्यापुढं धरायचे. "हे घे. तळाचीच कामाची असते."

माय तेही प्यायची. तिला गोड आवडायचं, हे खरं. पण मला वाटतं, तिला ते त्यांनी केलेलं आवडायचं. त्या वेळच्या आमच्या घरांत नवरा-बायको एकमेकांशी बोलत म्हणजे काय बोलत? भाजी काय, पाहुणे किती, पोरांची फी. सगळ्यांच्या देखत प्रेम करायची सोयच नव्हती. ती सोय अण्णांना त्या खलबत्त्यानं करून दिली. दोन दिवाळ्या त्यांनी हा नेम चुकवला नाही. अंगात ताप असतानाही कण्हत कण्हत कुटायचे. मी अंथरुणात पडल्या पडल्या ती ठणठण ऐकायचे आणि मला फार सुरक्षित वाटायचं.

त्या वर्षीच्या येळवशीला आम्ही जळकोटला मामाकडे गेलो. येळवस म्हणजे वेळ अमावास्या. बाहेरच्यांना सांगितलं तर पटत नाही, पण त्या दिवशी आमच्याकडची गावं ओस पडतात आणि सगळी माणसं शेतात जाऊन जेवतात. ज्वारी पोटऱ्यात आलेली, हरभरा घाट्यांवर आलेला, गार वारा. कडब्याची खोप करायची, आत पूजा मांडायची, मग सगळ्या भाज्या-शेंगा एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील आणि गव्हाची खीर. कानडी वळणाचा पुकारा करत पिकावर आंबील शिंपडायची. माय माहेरवाशीण, तिथं तिला फार मान. मामानं मडकं तिच्या हातात दिलं, "आक्का, तू शिंपड." माय चार पावलं चालली आणि पिकात न शिंपडता, वाटेवर उभ्या असलेल्या मामाच्याच अंगावर तिनं आंबील टाकली. सगळे हसले. मामा हसला नाही. ओल्या सदऱ्यानं तो तिच्याजवळ गेला आणि विचारलं, "आक्का, मी दिसलो न्हाय व्हय तुला?"

माय म्हणाली, "हिरवं कायतरी हालल्यावानी झालं. मला वाटलं जवारीच हाय."

मामानं मडकं तिच्या हातातून घेतलं. तिकडं खोपीजवळ जाऊन त्यानं अण्णांना सांगितलं, "दाजी, आता पिकला असंल. तुळजापुरात डोळ्याचा कॅम्प लागणार हाय म्हणत्यात. यंदा काढूनच टाका." अण्णांचा चेहरा उजळला. त्यांनी त्या दिवशी खीर दोनदा मागून घेतली आणि मायच्या पानातही आग्रहानं वाढली. पोटभर जेवून, हरभऱ्याचे डहाळे घेऊन आम्ही आनंदात परतलो.

शाकंभरीचं नवरात्र उरकलं, यात्रेकरू गेले आणि रिकाम्या झालेल्या एका धर्मशाळेत कॅम्प लागला. बाहेरगावचे डॉक्टर आले. ओसरीभर म्हातारे-म्हाताऱ्या घोंगड्या पांघरून बसलेले, काहींच्या डोळ्यांवर हिरव्या पट्ट्या. बायकांची रांग वेगळी होती, तेव्हा अण्णा मफलर गुंडाळून बाहेर थांबले आणि मायचा हात धरून मी आत गेले. मॅट्रिकला होते मी, सोळा वर्षांची. खिडकीला रजई लावून खोली अंधारी केली होती. डॉक्टरांनी एका बारक्या दिव्यानं मायच्या डोळ्यांत पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग म्हणाले, "यांना मोतीबिंदू नाही."

मला इतका आनंद झाला! मोतीबिंदू नाही म्हणजे कापाकापी नाही. मी मायचा हात दाबलासुद्धा. डॉक्टर मात्र तिला भलतंच विचारायला लागले. तहान लागते का, सारखं उठावं लागतं का, जखम लवकर भरते का. मग तिची लघवी तपासायला घेतली. परिचारिकेनं काचेच्या नळीत निळं पाणी घेतलं, त्यात थेंब टाकले आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरलं. निळं हिरवं झालं, हिरवं पिवळं झालं.

"काय रंग आला गं?" मायनं मला विचारलं.

"विटकरी," मी म्हणाले. मला तो रंग आवडला होता.

डॉक्टर चांगले होते, हे सांगायला हवं. आवाज न चढवता त्यांनी समजावलं. रक्तात साखर आहे, बऱ्याच वर्षांपासून असावी. तिनं डोळ्यांच्या आतला पडदा खराब केला आहे, आत रक्त उतरलं आहे. त्याला शस्त्रक्रिया नाही. गेलेली नजर परत येणार नाही. मग त्यांनी विचारलं, "गोड किती खाता?"

"जास्ती न्हाई," माय म्हणाली. "सकाळची खडीसाखर तेवढी. डोळ्यांसाठी."

"रोज?"

"रोज. अनशापोटी. दोन दिवाळ्या झाल्या."

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाले, "बाई, डोळे खडीसाखरेनंच गेले असं मी म्हणत नाही. रोग आधीचा आहे. पण अंगात साखर मावत नव्हती, आणि तुम्ही रोज वरून भर घालत होतात. कुणी सांगितलं हे?"

"कुणी न्हाई," माय लगेच म्हणाली. "माझ्याच मनानं घेत हुते."

मी तिच्याकडे पाहतच राहिले. आपले डोळे गेले हे कळून तिला पळभरही झालं नव्हतं. त्या पळभरात ती स्वतःसाठी रडली नव्हती. तिचं मन सरळ बाहेर, ओसरीवर जाऊन बसलं होतं.

"डॉक्टरसाहेब, एक मागणं हाय," ती म्हणाली. "आमचे हे बाहेर बसलेत. त्यांना साखरेचं कायबी सांगू नका."

"अहो, पण पथ्य पाळायचं तर घरात कळायला नको?"

"पथ्य मी पाळते. ही पोरगी बघंल. पण त्यांच्या कानावर घालू नका. जन्मात झोप लागायची न्हाई त्यांना."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि लिहायला घेतलं. गोळ्या इंग्रजीत लिहून कागद माझ्या हातात दिला. बाहेर येताना माय माझ्या दंडाला धरून एवढंच म्हणाली, "तोंड पूस तुझं. अन् कुठंच बोलायचं न्हाई हे." अण्णा ओसरीवरून उठून पुढं आले. "कधी काढणार म्हणाले?"

"मोती न्हाई म्हणे," मायनं सांगितलं. "आतला पडदा गेला. नस सुकली. ताकदीच्या गोळ्या दिल्यात."

अण्णा तिथंच पायरीवर बसले. मफलर सैल करत म्हणाले, "मग खडीसाखर वाढवू. दोन्ही वेळा देत जाऊ."

आणि इथं मायनं जे केलं, ते का केलं हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ती देवळाच्या दिशेला वळली, हात जोडले आणि म्हणाली, "आता ती नको. मी भवानीला बोलले. दिसायला लागंपर्यंत गोड सोडलं."

आमच्याकडे देवापुढं सोडलेल्या वस्तूला कुणी आग्रह करत नाही. नवऱ्याचीही ती हिंमत नाही. एका वाक्यात तिनं पथ्य घरात आणलं आणि अण्णांना वाचवलं. तिला वाटलं, झालं. पण अण्णा उठून तिच्या शेजारी उभे राहिले. त्यांनीही हात जोडले. "तर मग मीही सोडलं. तुला दिसायला लागेपर्यंत."

जिलबीसाठी वाट वाकडी करणारा माणूस तो. कचेरीत बिनसाखरेचा चहा प्यायला लागला. सहकारी म्हणायचे, "मुन्शीजी, जहर पिताय की काय?" ते म्हणायचे, "इलाज चालू आहे आमचा." घरात गोड शिजणंच बंद झालं. रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवाला बायका मायच्या हातावर तिळगूळ ठेवायच्या, ती तो कपाळाला लावून पदराला बांधायची आणि घरी आल्यावर मला द्यायची. मी तो खायचे. गल्लीत अण्णांचं कौतुक व्हायला लागलं, बायकोसाठी असा नेम कोण करतं म्हणून. मला ते कौतुक ऐकवायचं नाही. सगळं ओरडून सांगावं असं वाटायचं, आणि रात्रीच्या जेवणाला दोघं समोरासमोर बसून मुकाट्यानं भाकरी खायला लागले की मी आणखी एक भाकरी वाढायचे.

मायचं बरोबर होतं का? मी तिच्या जागी असते तर सांगितलं असतं. भांडलेही असते. लपवालपवी मला जमत नाही, माझ्या घरच्यांना विचारा. खरं कळल्यावर माणसं मरत नाहीत, असं मी कैक जणांना ऐकवलं आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांना मी एकदा विचारलं होतं, त्या खडीसाखरेनं नक्की किती नुकसान केलं असेल. ते म्हणाले, आता कसं सांगणार? त्या काळात पडद्यावर उपायच नव्हता, नसती दिली तरी कदाचित हेच झालं असतं. कदाचित. हे अण्णांना कुणी सांगितलं असतं तर त्यांना त्या शब्दाचा आधार वाटला असता का? मला नाही वाटत. तसल्या शब्दांवर मी पन्नास-साठ वर्षं काढली आहेत, आणि मला अजून रडू येतं.

त्या कॅम्पनंतर माय पाच-सहा वर्षं होती. पूर्ण अंधारात, पण हिंडती-फिरती. गोळ्या संपायच्या आत अण्णा तो न वाचता येणारा कागद दाखवून नव्या आणायचे. "ताकदीच्या आहेत, खंड पडता कामा नये," असं दुकानदारालाच बजावायचे. मग तिच्या पायाला काहीतरी लागलं, ती जखम भरली नाही, आणि एका हिवाळ्यात माय गेली. माझं लग्न झालेलं होतं. मी आले तेव्हा अण्णा तिच्या अंथरुणाशी बसून होते आणि येणाऱ्याला सांगत होते, "जरा हळू बोला."

तेराव्याला पंगत बसली. सुतक फिटलं की घरच्यांनी गोडाचा घास घ्यायचा असतो, त्याशिवाय दुखवटा उतरत नाही. मामा वाढायला होता. अण्णांच्या पानात त्यानं लाडू ठेवला. अण्णांनी तो उचलून बाजूला ठेवला.

"दाजी," मामा हळूच म्हणाला, "आज खायला लागतंय. रीत हाय."

"नाही," अण्णा म्हणाले. "तिला दिसायला लागेपर्यंत म्हणून बोललो होतो मी. कुठं दिसलं तिला?"

मामा तसाच वाकून उभा राहिला. मी अण्णांच्या शेजारी बसले होते. ते माझ्याकडे वळले. एवढ्या वर्षांत त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं.

"शालू, मी खडीसाखर उशिरा सुरू केली. जळमटं काढायला लागली होती तेव्हाच द्यायला पाहिजे होती. वाचली असती नजर. होय ना?"

मायनं मला गप्प राहायला सांगितलं होतं. हे तिनं सांगितलं नव्हतं.

"व्हय अण्णा," मी म्हणाले. "थोडा उशीर झाला आपल्याला."

त्यांनी मान हलवली, डोळे पुसले, आणि वरण-भात कालवायला घेतला.